सोनमनं राखलेल्या नऊ बॅटऱ्या

चांगुणाबाईची सोनम तशी मवाळ पोरगी. पन त्या दिवशी तिच्या अंगाची आग झाली, आनि का होऊ नये?

सहा वर्षं ती तळोज्याला बॅटरीच्या लॅबमदी हाय. काचेच्या बंद पेटीत रबरी मोज्यातनं हात घालायचा आनि शर्टाच्या बटनाएवढ्या बॅटऱ्या भरायच्या. आत लिथियमचा पत्रा, वर थेंबभर रसायन. चार्जिंग करून करून पत्र्याला सुया फुटतात, बाभळीवानी. सुई आरपार गेली की बॅटरी मेली. मोठी असली तर पेटतेसुदिक. म्हनून रसायनात औषध घालायचं, अ‍ॅडिटिव्ह म्हनतात त्याला. त्यानं पत्र्यावर साय धरते, सुया दबून ऱ्हातात.

सोनमनं चोवीस भरल्या, एकेकीवर नंबर घातला. दीडशे चार्जिंगनंतर नऊ मेल्या. पेटीतच उघडून बघते तर सुयाच सुया!

"सर, औषध मधीच संपतंय. साय फाटतेय."

लॅबचा मुख्य अभय सर म्हनतो कसा, "तू बारावी ना? बटनं भर. मेलेल्या फेकून दे, उद्या माल घेणारी पार्टी येतेय."

फेकून दे! उद्या हीच बॅटरी कुनाच्या तरी स्कूटरीत, त्याच्या मांडीखाली बसनार. त्याला कोन सांगनार? सोनमनं नऊच्या नऊ काचेच्या डबीत बंद केल्या.

पार्टीत मीना मॅडम व्हत्या, केस पिकलेल्या. त्यांनी पंधरा बॅटऱ्या उलट्यासुलट्या केल्या. "सातनंतर एकदम दहा? आठ-नऊ कुठे गेल्या?"

मेल्या सरानं काय म्हनावं? "भरतानाच खराब झाल्या. मुलीचा हात चुकला."

ती मुलगी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी! सहा वर्षांत तिच्या हातनं एक बॅटरी वाकडी बसली न्हवती. तिनं धाडकन ट्रे ठेवला, शेजारी डबी.

"हात चुकला असता तर पहिल्या चार्जिंगलाच मेल्या असत्या, मॅडम. ह्या दीडशे जगल्या. आतल्या सुया बघा."

मॅडमनी बघितलं आनि सराची फाइल मिटून टाकली.

दुसऱ्या दिवशी सोनमला गोडाऊनात धाडलं, खोकी लावायला. खरं बोलली म्हनून! तिच्या जागी सराचा मेव्हना मितेश बसला, चांगला बी.एस्सी. त्याच्या चोवीसच्या चोवीस पहिल्याच चार्जिंगला गेल्या.

पाचव्या दिवशी सर सोताच गोडाऊनात. "सोनम, चल ना परत. मॅडमना नवीन चोवीस पाठवायच्यात."

"येते. पन मेलेल्या किती, ते रिपोर्टात मी लिहिनार. तुमी खाली सही करायची."

सरानं मान हलवली. न हलवून जातो कुठं?