डोळे मीट, झोंबेल

औरेसच्या डोंगराखालच्या आमच्या गावातली एकही नवरी दावियाच्या हातून सुटली नव्हती. रोमन लोकांनी बांधलेल्या गोल, गरम हौदात बसवून ती पोरींना अशी घासायची, की निम्मी कातडी माहेरीच राहावी. मग "डोळे मीट, झोंबेल," म्हणत गंधकाच्या पाण्याची घागर डोक्यावर रिती करायची. त्या घागरीशिवाय लग्न टिकत नाही, हे आमच्याकडे इमामाच्या बायकोलाही मान्य.

पुढे सरकारला हौदाचा इतिहास सापडला. कुंपण आलं, तिकीट आलं, दाविया घरी बसली. आणि आता नेमकं तिच्याच नुवाराचं, चाळिशीला टेकलेल्या लेकीचं, लग्न जमलं.

"गावाच्या पोरी धुऊन काढल्यास, आपली तेवढी कोरडी पाठवतेस का गं?" शेजारची मब्रूका भिंतीवरून म्हणाली.

दाविया घागर उचलून तडक निघाली. फाटकावर लाख्दर, सरकारी टोपीत.

"मावशी, आत भांडं न्यायला बंदी आहे."

"मेल्या, आईचं बोट धरून बायकांत न्हायला यायचास, तेव्हा कुठं होती बंदी? याच हौदात ढुंगण घासलंय तुझं!"

तिकिटाच्या रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. लाख्दरनं मुकाट्यानं वाट सोडली.

हौद ठणठणीत कोरडा. तळाला पालापाचोळा आणि एक चप्पल. झऱ्याच्या तोंडाला जाडजूड पाइप, तो थेट खालच्या नव्या हॉटेलात गेलेला.

"एक घागर देतील का रे?" तिनं मागोमाग आलेल्या लाख्दरला विचारलं.

"तिथं राहणाऱ्यांनाच, मावशी."

दाविया काठावर जराशी टेकली. मग उठून फाटकाशेजारच्या संडासाच्या नळावर तिनं घागर भरली. लाख्दरनं पाहिलं. हम्मामातून निघणाऱ्याला म्हणायचं ते त्याच्या तोंडून सवयीनं निसटलं, "न्हाणं अंगी लागो, मावशी."

"तुझ्या हॉटेलवाल्यांच्या लागो!"

घरी तिनं पाणी गुपचूप तापवलं. बायका जमल्या, आनंदाच्या किलकाऱ्या घुमल्या. मब्रूकानं नाक फेंदारून हुंगलं. "वास नाही येत तो?"

"तुझं नाक म्हातारं झालंय," दाविया म्हणाली आणि घागर उचलली. "डोळे मीट गं, झोंबेल."

नुवारानं धारेखाली डोळे टक्क उघडे ठेवले आणि आईकडे बघत राहिली.

काहीच झोंबलं नाही.