पक्का बोल्ट

आमच्या घरी ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं तेव्हा काकांना मोठाच हवा होता. आमची जमीन शेणवे गावाच्या अंगाला, उतारावर, तुकड्यातुकड्यांत. एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बैलसुद्धा विचार करून पाय टाकत. पण शेजारच्या गावात एकाने मोठा ट्रॅक्टर आणला होता, आणि काकांच्या मते शेती जमिनीच्या मापाने नाही, शेजाऱ्याच्या मापाने करायची असते.

वडील गेल्यापासून शेती काका बघत. म्हणजे खरोखर नुसती बघत. करायची ती आई. मी बी.कॉम. होऊन शहापूरला एका कचेरीत कारकून लागलो होतो. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच, त्यामुळे मला मान होता. तो कशाच्या जोरावर होता, हे पुढे कळलं.

आईने वाद घातला नाही. गोठ्यातलं एक दावं घेऊन तिने दोन बांधांमधली वाट मोजली, दाव्याला गाठ मारली आणि आमच्याबरोबर मुरबाडला आली. दुकानदार मोठ्या ट्रॅक्टरची ताकद सांगत होता. काका मान डोलावत होते. आई वाकली आणि तिने दावं डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत धरलं. गाठ पार आत राहिली.

"घ्या की भावजी, ह्योच घ्या," ती म्हणाली. "शेत तेवढं रस्त्यावर आणून ठेवा."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली. काकांनी छोटा ट्रॅक्टर घेतला, आणि जणू तो आपणच निवडला अशा थाटात गावभर मिरवला. गावाने त्याचं नाव 'बकरा' ठेवलं. बैल त्याच आठवड्यात विकले.

ट्रॅक्टरचे लाड विचारू नका. तो पडवीत, अंगावर चादर, रोज फडकं. पण मागे जोडायचा रोटावेटर, ज्याची पाती गरगर फिरून ढेकळं फोडतात, म्हणजे खरं काम ज्याचं, तो पावसाळाभर अंगणात उघडा पडलेला. त्यावर कोंबड्या बसत. आईने झाकायला सांगितलं तर काका म्हणाले, "लोखंड हाय वयनी. इरघळतंय काय?"

इरघळलं नाही. गंजलं फक्त.

भात कापून झालं. जमिनीत ओल होती तोवर वाल पेरायचा होता. आईने काकांना सांगून पाहिलं, "खालच्या खाचरात धोंडे हायत. लावणीला दरसाल माझा अंगठा तिथंच फुटतो. आधी ते काढू."

"मशीनला अंगठा नसतो, वयनी."

ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरला देणाऱ्या दांड्यात एक बोल्ट मुद्दाम नरम ठेवलेला असतो. पातं दगडावर आदळलं की तो तुटतो आणि बाकीचं यंत्र वाचतं. हे, आणि त्याला शिअर बोल्ट म्हणतात तेही, मला आज माहीत आहे. खालच्या खाचरात रोटावेटर घातला त्या दिवशी जेवणवेळेपर्यंत तो तीनदा तुटला, आणि काकांनी तो स्वतःचा अपमान मानला. "कंपनीनं कच्चा माल दिलाय!" म्हणत ते नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि चांगला पोलादी बोल्ट घेऊन आले. बसवण्याआधी मात्र माझ्या हातात माहितीपुस्तक दिलं.

"वाच रे. पक्का बोल्ट चालंल का, बघ काय लिवलंय."

पानावर एका चौकटीत ठळक इंग्रजी मजकूर होता. त्यात 'शिअर' असा शब्द होता. मला बाजारातला शेअर माहीत होता. हा त्याचा कोण, कळेना. काका बघत होते. आई बघत होती. बांधावर चार माणसं येऊन उभी होती. अशा वेळी पदवीधर माणसाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही.

"चालंल," मी म्हणालो.

दुसऱ्याच फेरीला कडाड असा आवाज झाला. रोटावेटरच्या गिअरपेटीला उभी चीर गेली आणि काळं तेल मातीत झिरपू लागलं. आई जवळ जाऊन वाकली.

"बोल्ट पक्का हाय," ती म्हणाली. "बाकीचं तुटलंय."

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, पुस्तकात छपाईची चूक असेल.

रोटावेटर शहापूरच्या गॅरेजात कितीतरी दिवस पडून राहिला. ज्यांच्या बैलांना काका 'जुनं मॉडेल' म्हणायचे, त्यांच्याच दारात त्यांना बैल मागायला जावं लागलं. बैल मिळाले, पण ओल उडाल्यावर. वाल वीतभर वाढून वाळला. आई तेवढ्या दिवसांत दोन बायका घेऊन पहारीने धोंडे उपटत होती. मी रजा टाकून ते डोक्यावरून वाहिले. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घरात बसवेना. मग तिने गोठ्याच्या बाजूला कौलं टाकून अवजारांना आडोसा केला. काका आता नाक्यावर बसून नव्या ट्रॅक्टरवाल्यांना ऐकवतात, "बोल्ट कच्चाच पायजे, आणि धोंडे आधी काढायचे. अनुभव लागतो."

बऱ्याच वर्षांनी मी आईला सांगून टाकलं, की त्या पानावरचं मला काही कळलं नव्हतं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझं बोट एकाच वळीवर थांबलं व्हतं."

"मग थांबवलं का नाय मला?"

"चार माणसांपुढं?" तिने विचारलं, आणि सुपातला वाल निवडू लागली.