पट्टीवाल्या काकांची रजा

पट्टीवाले काका कोणत्याही पुलावरून सरळ जाऊ शकत नसत. पूल आला की स्कूटर कडेला. मागून रिक्षावाले कोकलत असायचे, "ओ चचा, बाजू हो जाओ," आणि काका कठड्याला हात टेकून खाली वाकलेले. एखाद्या खांबावर नजर ठरवायची, डोळे बारीक करायचे आणि पाणी किती ते सांगायचं. आमच्या शहरातल्या खाम नदीच्या पुलावर ते बहुतेक वेळा एक वीत असायचं. "एक वीत. तेबी गटाराचं," असं म्हणून ते पुन्हा किक मारत. मी मागे बसलेली असले तर विचारत, "तुला किती दिसलं?" मी "तेवढंच" म्हटलं की चिडत. "माझं ऐकून सांगू नको. उतर, बघ, मग सांग."

नोकरीच तशी होती. पाटबंधारे खात्यात, सोयगावकडच्या एका नदीवर ते पातळी वाचायला होते. नदीच्या काठाला आकडे लिहिलेली पट्टी रोवलेली असते. रोज सकाळी आठला तिथं जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. पावसाळ्यात दर तासाला. एवढंच काम, पण उभ्या नोकरीत त्यांनी ते एक दिवस चुकवलं नाही. आमच्याकडच्या नद्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको, वर्षातला बराच काळ ती पट्टी कोरडी असायची. काका तरी जायचे आणि वहीत लिहायचे, 'निरंक'. काही नाही, याला सरकारी भाषेत निरंक म्हणतात. काहीच नसतं तर रोज जायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "नाय हे बी कुणीतरी बघितलं पाहिजे ना. न बघता नाय म्हणलं तर ती थाप झाली."

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही सात-आठ पोरंपोरी नदीसाठी काम करायचो, आणि त्या दिवशी मी शहागंजात पत्रकं वाटत होते. मथळा माझाच होता: 'नदी मेली! मारेकरी कोण?' लोक पत्रक घेत आणि त्यात मिरच्या बांधून नेत. हा एक वाळका म्हातारा मात्र भाजीच्या गाड्याशेजारी उभा राहून दोन्ही बाजू वाचत होता. वाचून झाल्यावर माझ्यापाशी आला.

"मेली म्हणता. कधी गेली?"

मी भाषण सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "भाषण नको माय. कोणत्या पुलावरनं बघितली, किती वाजता, तेवढं सांग."

मी बघितलीच नव्हती. पत्रक मी घरी पंख्याखाली बसून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी मला पुलावर बोलावलं, आणि पुढे दीड-दोन वर्षं मी जात राहिले. माझ्या पत्रकांतली उद्गारचिन्हं गेली ती तिथं. त्यांच्या जागी तारखा आल्या, आकडे आले. मग लोक फोन करून शिव्या द्यायला लागले, म्हणजे वाचायला लागले.

छावणीच्या अलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुलावरून परत येताना तिथं चहा ठरलेला. काकू काकांबद्दल बोलायच्या ते काकांच्या समोर, आणि ते घरात नाहीतच अशा थाटात. "माझ्या बापानं गावभर मिरवलं, पोर नदीकाठी दिली म्हणून. नदी यायची वर्षातनं चार दिवस. त्या चार दिवसांत हे पट्टीपाशी, अन् मी खोलीत, कुठं गळतं तिथं पातेलं लावीत." नोकरी होती तोवर काका रजा घेत नसत. "मी रजेवर गेलो अन् त्याच दिवशी पूर आला तर नोंद कुणी करायची?" हे त्यांचं कायमचं उत्तर. त्यामुळे काकूंना त्यांनी कधी कुठं नेलं नाही. माहेरीसुद्धा त्या एकट्या एसटीनं जायच्या.

मग काकूंना काचबिंदू निघाला, आणि कळला तो उशिरा. डावा डोळा गेलाच होता. उजव्यातलं दिसणं चारी बाजूंनी आत आत येत होतं. समोरचं माणूस दिसायचं, त्याच्या शेजारचं दिसायचं नाही. औषधानं थोडा वेळ मिळेल, पण हाही डोळा जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता काकांनी विचारलं, "काय बघायचं राहिलंय तुझं?" काकूंना विचार करावा लागला नाही. "भरलेली नदी. नावेत बसून. अन् तुम्ही संगं."

पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं मग युरोपातल्या नदीची सफर ठरवली. डॅन्यूब नदी, जहाजातच खोली, जहाजातच जेवण. सामान घेऊन बसमध्ये चढ-उतर नाही. गुडघे दुखणाऱ्या आणि नीट न दिसणाऱ्या बाईला हेच झेपण्यासारखं होतं. दहा दिवसांत काकूंच्या डोळ्यांत नदी भरून आणायची, एवढं एकच काम काकांपुढं होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात नदीसाठी आमचं धरणं आंदोलन होतं, आणि काका त्यात बोलणार असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. आमच्या भागातल्या नदीकाठी चार दशकं उभा राहिलेला दुसरा साक्षीदार आमच्याकडे नव्हता. मी घरी जाऊन विचारलं, "तुमच्याशिवाय आकडे कोण सांगणार?"

"आकडे माझ्या नकलेच्या वहीत हायेत. वही घेऊन जा."

"वही बोलत नाही, काका."

"मग तू बोल. माझी ड्यूटी दुसरीकडं लागलीय."

काकूंच्या डोळ्यांचं मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "इथली नदी कोरडी टाकून तिकडची भरलेली बघायला चाललात. शोभतं का?"

काका खाली बघत म्हणाले, "शोभत नाय. पण जायचंय." आतून काकू चहा घेऊन येत होत्या, एक हात भिंतीवरून सरकवत. त्यांनी ऐकलं होतं. कप माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "पी. थंड होतोय." मी तो चहा प्यायला नाही. त्या वागण्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

धरण्याच्या दिवशी मी काकांच्या वहीतलं एक पान वाचलं. तारीख, निरंक. तारीख, निरंक. पान संपेपर्यंत समोरचे लोक गप्प झाले होते. आजवर माझ्या एकाही भाषणानं ते झालं नव्हतं.

ती दोघं परत आल्यावर मी माफी मागायला गेले, तर मला बोलूच दिलं नाही. काकूंना सफर सांगायची होती. त्या सांगत होत्या आणि काका मधूनमधून दुरुस्त्या करत होते.

पहिल्याच दिवशी खोलीतला नळ सोडला तर पाणी आलं. आठवड्यानं नळ येणाऱ्या गावची बाई, ती काय करणार? "म्हणलं, आलंय तोवर भरून घ्यावं." दोघांनी मिळून पेले भरले, चहाची किटली भरली, बर्फाची बादली भरली, फुलदाणीतलं फूल काढून ती भरली, कचऱ्याचा डबा धुऊन तोही भरला. बेसिनचं भोक बुजवून बेसिन भरलं. दुसऱ्या दिवशी खोली झाडायला येणाऱ्या मुलीनं सगळं ओतून दिलं.

"सगळं सांडलं गं तिनं," काकू म्हणाल्या. "मला तर रडूच आलं."

"रडू नाय आलं. शिव्या दिल्या," काका म्हणाले.

"मराठीत दिल्या. तिला काय कळतंय."

यांनी पुन्हा भरलं, तिनं पुन्हा ओतलं. चौथ्या दिवशी मात्र त्या मुलीनं काही ओतलं नाही, उलट स्वयंपाकघरातून झाकणाचा मोठा जग भरून आणून खाटेशेजारी ठेवला. म्हातारा-म्हातारीला तहान फार, असं तिला वाटलं असावं.

तिकडेही धक्क्याधक्क्यावर पट्ट्या आहेत, हे सांगताना काकांचा चेहरा उजळला. "आपल्यासारख्याच. आकडे ठळक, दुरून वाचता येतेत." रोज सकाळी ते वर जाऊन पट्टी बघून येत. काकूंना ती दिसायची नाही. त्या खालूनच विचारत, "किती?" आणि काका सांगत.

चौथ्या दिवशी पाणी वीतभर उतरलं. धक्क्याच्या दगडावर ओली रेघ वर आणि पाणी खाली. काकांनी ओळखलं की वर पाऊस नाही, अजून उतरणार, आणि उतरलं तर एवढं लांबलचक जहाज अडकणार. जहाजावरच्या प्रवाशांत हे कळलेला तेव्हा बहुधा हा एकच माणूस होता. खाली आले. काकूंनी विचारलं, "किती?"

"कालच्याएवढंच," काका म्हणाले.

पाचव्या दिवशीही तेच म्हणाले.

सहाव्या दिवशी जहाज एका लहानशा गावाला बांधून ठेवलं. पुढे पाणी पुरेसं नाही, उद्यापासून बसनं जायचं, असं सांगण्यात आलं. लोक वाद घालायला लागले, नुकसानभरपाई मागायला लागले. काका खोलीत येऊन खाटेवर बसून राहिले.

"इथनं पुढचं मी तुझ्या काकूलाच सांगू देतो," एवढं बोलून काका आमच्यासमोरून उठून स्वयंपाकघरात गेले.

काकू म्हणाल्या, "मी विचारलं, का थांबलं? ते म्हणले, पाणी उतरलं. मी म्हणलं, म्हणजे काल उतरलं होतं. व्हय. परवा? परवा बी. मग मला खोटं काहून सांगितलं?"

"काय म्हणाले?"

"म्हणले, तुला भरलेली बघायची होती."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. काकू जरा मोठ्यानं म्हणाल्या, "मी म्हणलं, चाळीस वर्षं सरकारला खरं सांगितलंत, आता बायकोला एकदा खोटं सांगायला हरकत नाय. पण पुन्हा नका सांगू. मला आता तुमच्याच तोंडातनं दिसणार हाय सगळं."

पाणी मागे सरल्यामुळे धक्क्याखाली गोट्यांचा काठ उघडा पडला होता. काकू म्हणाल्या, चला, उतरू. हाताला धरून काकांनी त्यांना खाली नेलं. नदी भरलेली असती तर तिच्यात पाय घालणं शक्यच झालं नसतं, वरूनच काचेतून बघावी लागली असती. काकूंनी सामानातून ओटी नेली होती: खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. परदेशातली असली तरी नदी म्हणजे बाईच. चप्पल काढून त्या घोटाभर पाण्यात गेल्या, नदीला हळदकुंकू वाहिलं, चिमूटभर तांदूळ सोडले. खण मात्र परत आणला. "तुझ्याच पत्रकात होतं ना, नदीत कापड टाकू नका म्हणून." तो त्यांनी खोली झाडणाऱ्या मुलीला दिला. तिनं तो डोक्याला बांधला.

"अन् एवढ्या सगळ्यात," काकू म्हणाल्या, "ती उतरलेली नदी आपल्या पुराएवढी होती गं. त्याला कमी म्हणतेत."

यावर मी घरी येऊन पत्रक लिहिलं. तिथं पाणी वीतभर उतरलं तर जहाज थांबतं, लोक जाब विचारतात. इथं नदी निरंक होते आणि आपण त्या पुलावरून हॉर्न वाजवत जातो. आपोआप कोरडी पडत नाही कुठली नदी, हे मी तेव्हा लिहिलं आणि आजही म्हणते. काकांनी ते वाचून एकच शब्द कापला. 'वीतभर'च्या जागी 'दोन दिवसांत हातभर' केलं.

त्याच थंडीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते चहाला उठले नाहीत. पुढचा उन्हाळा येईपर्यंत काकूंचा उजवा डोळाही पुरता गेला. मुलगी त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आली तेव्हा मी सामान बांधायला गेले होते. काकू दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मी दोरी आवळत विचारलं, "काकू, ती नदी अजून दिसते का डोळ्यांपुढं?"

"नदी कुठं बघितली मी," त्या म्हणाल्या.

मी दोरी सोडली. एवढ्या लांब जाऊन हेही साधलं नाही, असं मला वाटलं.

"गार होती, एवढं सांगते. लई गार. तेव्हा मला एका वेळी एकच काहीतरी दिसायचं. हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते, माझा हात धरून. अन् हसत होते. पोरीच्या लग्नातबी असे हसले नव्हते. मी त्यांच्याकडंच बघत बसले, अन् नदी राहूनच गेली."