सासुरवाडीचा धूर

मागच्या महिन्यात एका रविवारी सासुरवाडीला भरीत पार्टी होती. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी सासऱ्यांचं शेत आहे. नवा जावई म्हणून माझी ही पहिलीच पार्टी... आणि हीच शेवटची ठरते की काय, असं वाटून गेलं.

आधी एक सांगतो. मी जळगावचा, आणि मला दमा आहे. लोक जळगावच्या उन्हाला घाबरतात, मी हिवाळ्याला घाबरतो. उन्हाळ्यात निदान वारं असतं, धूळ येते तशी निघूनही जाते. पावसाळ्यात आमची कॉलनी धुऊन निघते. पण दिवाळी झाली की वारा पडतो, आणि हायवेचा, जाळलेल्या कचऱ्याचा, शेकोट्यांचा सगळा धूर गच्चीच्या उंचीवर झाकण ठेवल्यासारखा बसून राहतो... ऊन चांगलं वर येईपर्यंत हलत नाही.

बायकोला, म्हणजे स्वातीला, हे लग्नाआधीच सांगितलं होतं. पण सासुरवाडीला कळता कामा नये, असा माझ्या आईचा हुकूम. दमेकरी जावई म्हटला की लोक मुलीची कीव करतात म्हणे. म्हणून दम्याचा पंप कायम जॅकेटच्या आतल्या खिशात.

स्वाती म्हणाली, शेतावर चल, तेवढीच मोकळी हवा मिळेल. मलाही पटलं. शेत म्हणजे चांगली हवा, एवढंच आमचं दोघांचं ज्ञान...

दुपार छान गेली. ऊन होतं म्हणून जॅकेट गाडीत टाकलं. संध्याकाळी स्वाती आणि मेहुणा गावातल्या घरून सासूबाईंना आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणायला गाडी घेऊन गेले, जॅकेटसकट. माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडी डांबरी रस्त्याला लागली होती.

शेत नाल्याकाठी, खोलगट जागेत आहे. दिवस मावळला तशी डोंगरावरची थंडी उतरून तिथे साचली. चुलत सासऱ्यांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, त्यात वांगी टाकली. आणि जावयाला थंडी वाजू नये म्हणून माझी खाट अगदी जाळाजवळ मांडली.

धूर थोडा वर गेला... आणि थांबला. मग आडवा पसरत पसरत खाली आला. झाडाचं पानही हलत नव्हतं. मी खाट मागे सरकवली, तर चुलत सासऱ्यांनी मायेनं परत पुढे ओढली.

सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, लांब उभे होते. विहीर खोदताना निघालेल्या मुरमाचा एक उंच, वरून सपाट ढीग आहे, त्यावर. एक हात बंडीच्या खिशात. दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलले असतील-नसतील. मी त्यांना पसंत नाही, हे मी लग्नापासूनच धरून चाललो होतो.

इकडे माझ्या छातीत शीळ वाजायला लागली. कुणी काही विचारलं तर वाक्य पुरं होईना, म्हणून नुसता हसत राहिलो. काय म्हणावं याला... जीव चाललाय आणि माणूस पाहुणचाराला हसतोय.

मी खरोखर घाबरलो. गाडी कधी येणार, दवाखाना किती लांब, स्वातीला काय सांगतील... एवढंच डोक्यात फिरत होतं. फोन हातात घेतला, पण बोलायला श्वास कुठे होता? शिकलेला माणूस मी, तरी 'मला त्रास होतोय' एवढे तीन शब्द तोंडातून काढायची लाज वाटत होती.

तेवढ्यात कुणीतरी दंड धरला. आबा होते. काही न विचारता त्यांनी मला उठवलं आणि जवळजवळ ओढतच त्या ढिगावर नेलं. चढ थोडाच, पण मला सातपुडा चढल्यासारखा वाटला.

वर धूर नव्हता. खाली सगळं शेत धुराच्या सपाट थराखाली बुडालेलं, आणि आमची डोकी त्याच्या वर.

आबांनी सगळ्यांकडे पाठ केली आणि बंडीच्या खिशातून हात बाहेर काढला. हातात पंप होता. माझ्यासारखाच, निळा.

"हाई ल्या," ते हळूच म्हणाले. "माले बी शे. कोणले सांगानं नही."

आबांनाही दमा होता, आणि सासूबाई सोडून घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या आड येईल म्हणून लपवला, आणि मग लपवतच राहिले. दर हिवाळ्यात भरीत पार्टी व्हायची आणि हे 'शेतावर लक्ष ठेवतो' म्हणत ढिगावर जाऊन उभे राहायचे. माझे खांदे वर-खाली होताना बघून त्यांनी तिथूनच ओळखलं होतं.

दोन पफ घेतले. हळूहळू छाती मोकळी झाली आणि मला एकदम रडू आलं. आबांनी दुसरीकडे बघितलं.

गाडी आली तेव्हा आबांनी वरूनच हाक दिली, की पंगत वर मांडा. सगळे कुरकुरत पातेली घेऊन चढले. कुणाला कारण कळलं नाही. स्वातीला मात्र माझा चेहरा बघून कळलं, आणि ती पानावर बसेपर्यंत माझा हात सोडेना. भरीत कसं लागलं ते खरंच आठवत नाही... श्वास तेवढा आठवतो.

हे लिहायला आबांनीच परवानगी दिली आहे. मी विचारलं तर म्हणाले, आता लपवून काय करायचं.

हिवाळा अजून संपलेला नाही आणि माझी भीतीही गेलेली नाही. पण हल्ली सकाळी कॉलनीवर धूर बसलेला असतो तेव्हा आबांचा फोन येतो. "आज हवा कशी शे?" एवढंच विचारतात. आणि मी सासुरवाडीला पहिल्यांदाच खरं सांगतो... वाईट आहे आबा, तुम्ही पण बाहेर पडू नका.