काकूंच्या फोटोंची यादी

पनवेलला असताना मी फाइल मॅनेजरचा, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारा, एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो वापरत होत्या फक्त शेजारच्या काकू. इस्रायलला मुलाकडे कायमचं जाण्याआधी त्या घरातले जुने फोटो स्कॅन करत होत्या. प्रोग्राममधली फोटोंची यादी खाली सरकवताना मधेच उडून वर जायची. मी बघायला गेलो की नीट चालायची.

एकदा त्यांनी हाक मारली, "ये, आत्ता उडतेय."

गेलो तर स्कॅनर चालू होता. नवा फोटो फोल्डरमध्ये आला की यादी वर जात होती. एरवी मी गेलो की काकू स्कॅनर बंद करून मला खुर्ची देत.

दुरुस्ती सोपी निघाली. दुसऱ्या कुणी प्रोग्रामच काढून टाकला असता. काकू मात्र न कंटाळता मला बोलावत राहिल्या, याचं मला आजही अप्रूप वाटतं.