दोरापलीकडचा बर्फ

मेरानिया एकतीस वर्षं लोकांना हिमनदीवर नेत आली होती. आधी बुटांना काटे बांधून थेट बर्फावर. बर्फ आटत दरीत मागे गेला तेव्हापासून फक्त पायवाटेच्या टोकापर्यंत. तिथे राष्ट्रीय उद्यानाने आडवा दोर बांधला होता. पलीकडे दगडाबर्फाचे कडे कोसळत. लोकांना दोराशी थांबवणं, हेच आता तिचं काम झालं होतं.

तिला बर्फावर पाय टाकायला शिकवलं ते तेओतीमामाने. तो आता चौऱ्याऐंशीचा होता, नजर जवळजवळ गेलेली. एका कोरड्या सकाळी म्हणाला, "मला घेऊन चल. एकदा बर्फाला हात लावू दे."

दोन तास लागले. मामाचा हात तिच्या खांद्यावर.

"पूर्वी एवढी हळू चालत नव्हतीस."

"पूर्वी तू एवढा रेलत नव्हतास, मामा."

दोर हाताला लागला तसा तो वाकून खालून जाऊ लागला. तिने त्याची बाही धरली.

"इथवरच."

"तुझ्या जन्माआधीपासून हिंडतोय मी या दरीत. मला अडवणार तू?"

"हो."

"असं काय आहे पलीकडे?"

"दोन वर्षांमागे दोन भाऊ गेले होते, फोटो काढायला. कडा अंगावर आला. धाकटा सापडलाच नाही. त्यांची आई आली होती इथे. म्हणाली, त्या दगडांना हात लावून परत येते. मी नाही सोडलं. मुठींनी मारत होती मला."

मामाने दोर चाचपला. मग त्याने पाय मागे घेतला.

"तिला नाही सोडलंस, तर मलाही नको. काय दिसतं ते सांग. खरं सांग."

जवळच आहे, असं सांगावंसं तिला क्षणभर वाटलं.

"खूप वर गेलाय, मामा. मळकट दिसतो. आपण चहा उकळायचो तिथे झाडं आलीत, माझ्या डोक्यापर्यंत येतील एवढी."

त्याने टोपी काढली आणि गेलेल्या माणसाला निरोप देताना म्हणतात ते माओरी शब्द हळू आवाजात म्हटले. मेरानियाही शेवटी त्यात सामील झाली.

त्याच हिवाळ्यात मामा गेला. दफनानंतर त्याची मुलगी तिला म्हणाली, "एकदा हात लावू दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

 मेरानिया आलेल्यांना चहा देत राहिली.