बक्षिसाचं भजन

आता हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण फजिती माझीच आहे.

इंझोरीत आमचं खंजिरी भजनाचं मंडळ होतं, आणि मंडळाचा बुवा मी. एकदा पोहरादेवीच्या यात्रेत भजनांचा सामना झाला आणि पहिलं बक्षीस, चांदीचं कडं, आम्हाला मिळालं. भजन मीच जुळवलेलं: देह मातीचा, आज ना उद्या मातीत जायचा. पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग काय विचारता? जो तो म्हणे, "बुवा, बक्षिसाचंच होऊ द्या." आम्ही बारशाला तेच म्हटलं, सत्यनारायणालाही तेच. बाकीची भजनं विसरलो. हळूहळू बारशाची बोलावणी बंद झाली, मयतीची मात्र वाढली.

बायको म्हणाली, "अवो, तुमची खंजिरी वाजली का लोकं इचारतात, कोन गेलं?"

"तुले भजनातलं काय समजते?"

तशात आमच्या यमुनेला पाहायला मानोऱ्याचे पाहुणे यायचे ठरले. घर चांगलं, मुलगा शिकलेला. यमुनेची आई महिनाभर देवाला हात जोडत होती. मी ठरवलं, पोरगी कोणाची आहे ते पाहुण्यांना वेशीतच कळलं पाहिजे. मंडळ अंगणात बसवलं आणि डोळे मिटून बक्षिसाचं भजन लावलं.

डोळे उघडले तर गाडी वेशीवरूनच परत गेलेली. सुतकाच्या घरी सोयरिकीचं कोण बोलणार?

यमुना माझ्याशी बोलेना. मला फार वाईट वाटलं. त्या कड्यानं पंचक्रोशीत नाव झालं खरं, पण आम्हाला एकाच भजनाला बांधून टाकलं, आणि गाठ आम्हीच मारली होती.

तेरवी उरकली असेल अशा अंदाजानं मुलाचे वडील सांत्वनाला आले. मी ओट्यावर सुपारी कातरत बसलेला.

"बुवा, तुमी हाये? मंग गेलं कोन?"

"कोनीच नाही. ते तुमच्या स्वागताचं होतं."

मग चहा झाला, यमुनेला पाहिलं. "पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. "मानपान काही नको. एकच अट. मांडवात तुमचं मंडळ गाणार नाही."

मी मुकाट्यानं कबूल केलं. लग्नाच्या दिवशी बुंदीची परात घेऊन पंगतीत वाढत होतो, तर बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "अवो, गुनगुनून राह्यले तुमी. लोकांचे हात थांबले ना."